जुना राउटर जोडल्यावर नेट येत-जात होतं, ते असं सुटलं

वायफाय फुल्ल, पण नेट मधेच गायब. मुख्य आणि जुना, दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि दोघंही डीएचसीपीने (जोडलेल्या उपकरणांना आपोआप आयपी पत्ते देणारी सोय) पत्ते वाटत होते.

मुख्य राउटरची केबल काढून जुन्याला लॅपटॉप जोडला. आधी जुन्याचा लॅन पत्ता (घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.२ केला. सेव्ह करताच सेटिंगचं पान अडकतं, ते अडकणारच. नव्या पत्त्यावर उघडायचं. मग डीएचसीपी बंद. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर लॅपटॉपला हाताने आयपी द्यावा लागतो.

मुख्य राउटरची केबल जुन्याच्या लॅन पोर्टातच. वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात खोचली की दुहेरी नॅट, म्हणजे दोन्ही राउटर एकामागून एक पत्ते बदलत बसतात. मुख्य राउटरचा पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) .१०० पासून सुरू केला, म्हणजे .२ हा पत्ता एखाद्या फोनला जात नाही. २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर एका राउटरला चॅनेल १, दुसऱ्याला ६, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांत घुसत नाहीत.