संगीत नाटकाचा सिनेमा होताना: या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

‘ते गाणं सिनेमात का घेतलं नाही?’ संगीत नाटकावरचा सिनेमा आला की चाहत्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मागोमाग बाकीचे येतात. नट खरंच गायलेत का? गाण्यांचा क्रम का बदलला? एका नाटकाचे दोन सिनेमे कशासाठी? चित्रपट अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण घेताना मी प्रबंधासाठी हा विषय निवडला तो याच प्रश्नांमुळे, आणि पुढे संगीत-संकलनात, म्हणजे दृश्यांवर संगीत कापून-जुळवून बसवण्याच्या कामात, सहायक असताना त्यांची उत्तरं आतल्या बाजूनेही बघायला मिळाली. आता या विषयाकडे वळणारे विद्यार्थी भेटतात तेव्हा ‘मी नुसता चाहता आहे’ असं बिचकत सांगतात. ज्याला नाटकातली सगळी गाणी तोंडपाठ असतात त्याला सिनेमात गाळलेलं एक कडवंसुद्धा लगेच खटकतं. ही शिदोरी मोठी आहे, ती घेऊनच या. फक्त ‘का नाही’च्या जोडीला आणखी एक प्रश्न सतत विचारत राहा: हे पात्र इथे का गातंय, आणि त्याचं गाणं आजूबाजूच्या कोणाला ऐकू येतंय?

रंगमंचावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. नांदी झाली, पडदा वर गेला की इथली माणसं गाणार हे प्रेक्षकाने मान्य केलेलं असतं. मागचा राजवाडा कापडावर रंगवलेला आहे हे त्याने जसं चालवून घेतलेलं असतं, तसंच हेही. कॅमेरा खऱ्या रस्त्यावर, खऱ्या उन्हात गेला की ही सवलत संपते. शेजारून माणसं चालली आहेत आणि नायिका अचानक गायला लागते, त्याला काही आधार द्यावा लागतो. तो आधार कोणता हे दिग्दर्शकाने ठरवलं, की कोणती गाणी राहणार आणि कोणती जाणार हे बरंचसं आपोआप ठरतं.

‘कॅबरे’ हे नाझींच्या उदयकाळातल्या बर्लिनमधल्या एका नाइटक्लबभोवती फिरणारं 1966 चं नाटक. 1972 साली बॉब फॉसी यांनी त्याचा सिनेमा केला तेव्हा घरात, खोलीत, भाजीफळांच्या दुकानात गाणारी माणसं काढूनच टाकली. गाणी जवळजवळ सगळी क्लबच्या मंचावर आली, जिथे गाणं हा धंदाच आहे. अपवाद एकच ठेवला. उघड्यावरच्या बिअर गार्डनमध्ये एक कोवळा मुलगा गायला उभा राहतो, कॅमेरा खाली येतो आणि त्याच्या बाहीवरची नाझी पट्टी दिसते. मग एकेक करून लोक उठून त्याच्याबरोबर गाऊ लागतात. क्लबबाहेरचं हे एकमेव गाणं असल्यामुळेच त्याने अंगावर काटा येतो. बाकीची गाणी जिथल्या तिथे राहिली असती तर हे गाणं त्यांच्यातच हरवलं असतं. ‘शिकागो’चं उत्तर आणखी वेगळं. 1975 च्या नाटकात सगळी गोष्टच व्हॉडव्हिलच्या, म्हणजे जुन्या अमेरिकन विविधरंगी करमणुकीच्या, एकेका कार्यक्रमासारखी सादर होते. 2002 च्या सिनेमात रॉब मार्शल यांनी बहुतेक गाणी नायिका रॉक्सीच्या डोक्यात नेली. बाहेर तुरुंग आणि कोर्ट, आत झगमगता मंच. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं, आणि त्यात या एका निर्णयाचा वाटा मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं.

नव्याने येणाऱ्यांना मी पहिला पाठ म्हणून ‘द साउंड ऑफ म्युझिक’ देते. नाटक 1959 चं, सिनेमा 1965 चा, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, पटकथा अर्नेस्ट लेमन यांची. मठातून कॅप्टनच्या मुलांना सांभाळायला मारिया येते. वादळाच्या रात्री घाबरलेली मुलं तिच्या खोलीत धावत येतात आणि ती त्यांना आपल्या आवडत्या गोष्टींचं गाणं म्हणून दाखवते, हा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नाटकात हे गाणं तिथे नाहीच! तिथे ते मठात, मुख्य जोगिणीबरोबर, मारिया कॅप्टनच्या घरी जाण्याच्या आधी येतं. वादळात नाटकातली मारिया मुलांना मेंढपाळाचं गाणं शिकवते, आणि ते गाणं सिनेमात कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात गेलं. या अदलाबदलीने काय साधलं ते बघा. मठात ते गाणं मारियाची आठवण होती. वादळात ते भीतीवरचं औषध झालं, आणि मुलं पहिल्यांदा तिच्याकडे ओढली जातात तो क्षण त्याला मिळाला. मेंढपाळाचं गाणं गमतीचं आहे, त्याला बघण्याजोगं काहीतरी लागत होतं, ते बाहुल्यांनी दिलं.

याच सिनेमात नाटकातली तीन गाणी गेली आणि दोन नवी आली. गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन 1960 मध्ये वारले होते, म्हणून नव्या गाण्यांचे शब्दही संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांनी स्वतःच लिहिले. त्यातलं ‘आय हॅव कॉन्फिडन्स’ नीट ऐका. नाटकात मठाचं दृश्य संपतं, देखावा बदलतो, मारिया कॅप्टनच्या घरी पोहोचलेली असते. सिनेमाला मधला रस्ता दाखवता येतो, नव्हे दाखवावाच लागतो. साल्झबुर्गच्या गल्ल्या, बस, झाडांमधून जाणारी वाट आणि शेवटी ते भलंमोठं फाटक. त्या रस्त्यासाठी हे गाणं जन्माला आलं. गेलेल्या तीनपैकी दोन गाण्यांत कॅप्टन जिच्याशी लग्न करणार असतो ती बॅरोनेस आणि त्यांचा मित्र मॅक्स होते, आणि एका गाण्यात ते दोघं कॅप्टनला येणाऱ्या नाझी राजवटीशी जुळवून घ्यायला सुचवतात. ती गाणी गेली आणि बॅरोनेसच्या वाट्याला एकही गाणं उरलं नाही. ज्या घरात हळूहळू सगळे गायला लागतात तिथे ती एकटी गात नाही, आणि ती या घरात राहणार नाही हे प्रेक्षकाला त्यातूनच कळतं. गोष्टीतली राजकीय धार मात्र यात बोथट झाली. त्याची मला हळहळ वाटते.

क्रम बदलण्याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण ‘वेस्ट साइड स्टोरी’. दोन टोळ्यांच्या वैरावरच्या या 1957 च्या नाटकात पोलिसाची टिंगल करणारं गाणं दोन खून पडल्यानंतर येतं. 1961 च्या सिनेमात ते मारामारीच्या आधी आलं, आणि ‘कूल’ हे डोकं थंड ठेवा सांगणारं गाणं खुनांच्या नंतर गेलं. आता टोळीतली मुलं थरथरत, स्वतःलाच आवरत गातात. 2021 मध्ये स्पीलबर्ग यांनी ‘कूल’ पुन्हा मारामारीच्या आधी आणलं. तिन्ही क्रम कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येक वेळी गाण्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं ते लिहा. गाण्याचा अर्थ त्याच्या जागेत किती असतो हे त्या एका पानावर दिसतं.

हाच चष्मा लावून मराठीकडे बघावं. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचं 1967 चं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. 2015 मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर सिनेमा केला. या गोष्टीतली माणसं गवईच आहेत, त्यामुळे ‘का गातात’ हा प्रश्न निम्मा आधीच सुटलेला. प्रश्न उरला तो वेळेचा आणि गळ्याचा. संगीत नाटकात पद रंगलं की गवई ते हवं तेवढं फुलवायचा, ‘वन्स मोअर’ आला की पुन्हा घ्यायचा. सिनेमात वन्स मोअर नाही. जुनी पदं आटोपशीर झाली आणि शंकर-एहसान-लॉय यांनी त्यांच्या जोडीला ‘सूर निरागस हो’सारखी नवी गाणी केली. पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिवसाठी महेश काळे गायले आणि ‘अरुणी किरणी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भानुशंकरांच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतः उभे राहिले, म्हणजे चेहरा आणि गळा एकाच माणसाचा. 2025 च्या जानेवारीत याच दिग्दर्शकाने, याच संगीतकारांबरोबर खाडिलकरांच्या 1911 च्या ‘मानापमान’वर सिनेमा आणला. तिथे पात्रं गवई नाहीत, म्हणून अडचण वेगळी. हे दोन सिनेमे एकमेकांशेजारी ठेवून कोणी प्रबंध करत असेल तर मला तो वाचायला मनापासून आवडेल.

आता ‘खरंच गायलेत का’. आपण पार्श्वगायनाच्या मुलखातले, आपल्याला याचं नवल नाही. हॉलिवूडने मात्र ते दडवून ठेवलं. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नताली वुडसाठी आणि 1964 च्या ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नसाठी मार्नी निक्सन गायल्या, आणि दोन्ही सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं. त्याच ‘माय फेअर लेडी’त रेक्स हॅरिसन यांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला. ते अर्धं बोलत, अर्धं गात, आणि दर वेळी वेगळं. शेवटी त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून सेटवरच गाणं मुद्रित केलं गेलं.

2012 च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये टॉम हूपर यांनी अख्खा सिनेमाच असा केला. नटाच्या कानात बारीकसा इअरपीस असायचा. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसलेला पियानोवादक त्याच्याकडे बघत वाजवायचा, आणि नट थबकला की वादकही थबकायचा. लय नटाच्या हातात. वाद्यवृंद नंतर, त्या गाण्यावर चढवला गेला. संगीत-संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला यातली मेहनत लगेच कळते, कारण एरवी सगळं ठोक्यावर बांधलेलं असतं आणि इथे ठोकाच श्वासाबरोबर सरकतो. फँटीन या कामगार स्त्रीचं गाणं नाटकात तिची नोकरी गेल्यावर लगेच येतं. सिनेमात तिने केस विकले, शरीर विकलं, त्यानंतर येतं. ॲन हॅथवेने ते सलग एकाच शॉटमध्ये गायलं आहे. सूर काही ठिकाणी फाटतो, आणि तो तसाच ठेवलाय. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची गरज नसल्यामुळे पुटपुटत गाता येतं, ही कॅमेऱ्याची देणगी आहे.

दोन सिनेमांचं कोडं ‘विकेड’मुळे पुन्हा चर्चेत आलं. 2003 पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर चालू असलेलं हे नाटक मध्यंतरासकट पावणेतीन तासांचं. त्याच्या पहिल्या अंकाचाच 2024 मध्ये दोन तास चाळीस मिनिटांचा सिनेमा झाला. पहिला अंक ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ या गाण्यावर संपतो. त्यानंतर प्रेक्षकाला श्वास घ्यायला मध्यंतर लागतंच, इथे ते वर्षभराचं झालं. दुसरा अंक आटोपशीर आहे, म्हणून 2025 च्या भागासाठी संगीतकार स्टीव्हन श्वार्ट्झ यांनी दोन नवी गाणी लिहिली. ‘ऑस्करसाठी नवं गाणं घातलं’ असं चाहते म्हणतात. सिनेमासाठी मुद्दाम लिहिलेलं गाणंच त्या पुरस्काराला चालतं हे खरं, पण आधी ते गाणं गोष्टीतली कोणती फट भरतंय ते तपासा.

कामाच्या बाबतीत थोडं. संगीत नाटकात संहिता, गीतं आणि संगीत यांचे हक्क वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात, आणि सिनेमाचे हक्क हा त्यावरचा स्वतंत्र करार. त्यामुळे एखादं गाणं का गेलं याचं उत्तर कधी कलेत असतं, कधी करारात. छापील संहिता, मूळ संचाचं ध्वनिमुद्रण आणि सिनेमा ही तीन साधनं हाताशी नसतील तर विषय निवडू नका. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटरमधल्या विभागात 1970 पासूनच्या नाट्यप्रयोगांची चित्रमुद्रणं आहेत, आणि संशोधकांना ती परवानगी घेऊन तिथेच बसून बघता येतात. संगीत-संकलन, पटकथा, नृत्यदिग्दर्शनातलं सहायकपण, यांपैकी कुठेही जायचं असलं तरी मात्रा मोजता आल्या पाहिजेत. स्वरलिपी वाचता आली तर उत्तम. निरीक्षणांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि प्रत्येक गाण्यापुढे चारच गोष्टी लिहा: कुठे गातंय, कोण ऐकतंय, आधी काय, नंतर काय.

आणि पहिलं गाणं कोणतं घ्यायचं म्हणाल, तर ‘घेई छंद मकरंद’ घ्या. वसंतरावांचं ध्वनिमुद्रण आणि सिनेमातलं गाणं मागोमाग ऐका, कोणत्या जागा, म्हणजे गायकाने घेतलेल्या खास हरकती, राहिल्या, कोणत्या गेल्या ते मिनिटा-सेकंदासकट उतरवा. मग सिनेमा लावा आणि त्या गेलेल्या जागांच्या ऐवजी कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर जातो ते बघा.