खारदुंगलाच्या उतारावर ब्रेक तापू देऊ नका
लेहहून गाडीने 5,359 मीटर उंचीच्या खारदुंगला या खिंडीवर जाऊन सायकलने परतताना जवळजवळ 40 किलोमीटर उतारच उतार असतो. पायांना फार काम नाही, खरी परीक्षा ब्रेकची. ब्रेकचा लीव्हर सतत हलका दाबून ठेवला की डिस्क (चाकावरची ब्रेकची धातूची चकती) तापते आणि पकड कमी होते. त्यापेक्षा वळणाआधी, सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि लगेच सोडा, डिस्कला वारा लागू द्या. खडीवर पुढचा ब्रेक जपून! करपट वास आला किंवा लीव्हर मुठीला टेकू लागला, तर थांबाच. तापलेल्या डिस्कला हात लावू नका, पाणीही ओतू नका. आणि कृपा करून, लेहमध्ये दोन-तीन दिवस राहून शरीराला विरळ हवेची सवय झाल्याशिवाय वर जाऊच नका.