मूल आणि घरचा कुत्रा : या चुका टाळा

"आमचा कुत्रा काही करत नाही हो, बाळ अंगावर चढलं तरी गप्प पडून असतो." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. गप्प पडलेला कुत्रा खूश असतोच असं नाही.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणं ही मी पाहिलेली सर्वांत वाईट चूक. बहिणीकडे हेच झालं. चार वर्षांचा भाचा कुत्र्याच्या गळ्यात पडायचा. त्याच्या लेखी ती माया, कुत्र्याच्या लेखी मात्र मानेभोवतीची पकड. कुत्रा तोंड फिरवायचा, झोप नसताना जांभया द्यायचा, नाकावरून जीभ फिरवायचा, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायचं. ही सगळी अस्वस्थतेची लक्षणं. मी बहिणीला दाखवलं, ती म्हणाली, "काही होत नाही रे." शेवटी तो गुरगुरला की धपाटा बसायचा. काही दिवसांनी गुरगुरणं थांबलं. सगळे म्हणाले, शहाणा झाला. महिन्याभरात तो आवाजही न करता चावला, भाच्याच्या गालाला दोन टाके पडले. इशारा द्यायची त्याची सवय आपणच मोडली होती.

कुत्रा गुरगुरला की मी मुलाला उचलतो आणि कुत्र्याला वाट मोकळी करून देतो. ओरडत नाही. लहान मुलांना विचकलेले दात हसू वाटतात, म्हणून "हळू हं" एवढं सांगून भागत नाही. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

हिरवळीवर लाल चेंडू फेकून कुत्र्याला मठ्ठ ठरवू नका. त्याला निळा आणि पिवळा नीट कळतो. लाल-हिरवा त्याला जवळपास सारखाच मळकट दिसतो, मग तो नाकाने शोधत बसतो. निळा चेंडू आणा.

कर्कश खेळणी त्याच्या कानाजवळ नकोत. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला 45,000 च्या आसपास.

कुत्रा जेवताना, झोपेत असताना त्याला हात लावायचा नाही. यात सूट नाही.

आणि कुत्रा घरी आल्या दिवशी गट्टी जमवून फोटो हवा असणाऱ्यांनो, थांबा. मुलाला बाजूला बसवा, कुत्र्याला आपणहून येऊ द्या. तीन सेकंद छातीवर खाजवून हात काढून घ्या. जवळ सरकला तर पुन्हा, नाही तर पुरे.

भाचा आता सात वर्षांचा आहे, कुत्रा तोच. परवा भाचा पंधरा मिनिटं जमिनीवर बसून राहिला. कुत्रा आला नाही, तेव्हा मुकाट्याने उठून खेळायला गेला.