त्रिशंकू ओळखून खरी दक्षिण दिशा कशी काढावी

क्रूसाच्या आकाराची चार तारकांची एक लहानशी आकृती दक्षिण आकाशात आहे. आपल्याकडे तिला त्रिशंकू म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या आणि न्यूझीलंडच्या ध्वजांवर हीच आकृती आहे आणि आकाशात पाहण्यापूर्वी ती तिथे डोळ्यांखालून घालणे सोयीचे ठरते. महाराष्ट्र आणि गोव्यातून ती दिसते, मात्र क्षितिजापासून फार वर येत नाही. म्हणूनच दिशा काढण्याची जी रीत पुस्तकांत सहसा दिलेली असते, ती येथे जशीच्या तशी चालत नाही.

ती रीत अशी: क्रूसाच्या लांब दांड्याची लांबी खालच्या तारकेपासून पुढे साडेचार पट वाढवली की आपण आकाशाच्या दक्षिण ध्रुवबिंदूपाशी पोहोचतो. हा हिशोब बरोबर आहे, परंतु उत्तर गोलार्धात तो बिंदू क्षितिजाच्या खाली असतो. पुण्याहून तो साडेअठरा अंश खाली आहे, म्हणजे रेषा जमिनीत शिरल्यावर ती कुठे संपते हे पाहायला काहीच उरत नाही. आपल्या अक्षांशांवर म्हणून अंतर मोजण्यापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे. क्रूस अगदी ताठ उभा राहील तेव्हा त्याच्या दांड्याची रेषा सरळ खाली जिथे क्षितिजाला टेकते, तीच दक्षिण.

तो केव्हा ताठ होतो? मुंबई-पुण्याच्या बाजूला 1 एप्रिलच्या सुमारास रात्री साडेबाराला, 1 मेच्या सुमारास साडेदहाला आणि मेच्या मध्यावर साडेनऊला. ही वेळ दररोज चार मिनिटांनी अलीकडे सरकते. नागपूर बरेच पूर्वेला असल्यामुळे तेथे हीच घटना सुमारे पंचवीस मिनिटे आधी घडते. जून उजाडला की ढग येतात, त्यामुळे चैत्र अमावास्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत सोयीच्या. त्यांत चंद्राचा अडथळा नसतो आणि फार जागावेही लागत नाही.

जागा निवडताना दक्षिणेचे क्षितिज मोकळे आहे ना, एवढे एकच पाहावे. समुद्रकिनारा चांगला असेल असे वाटते, पण कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि दक्षिणेला बहुधा एखादा डोंगरकडा पुढे आलेला असतो. त्यापेक्षा दक्षिणेकडे उतार असलेले पठार किंवा गडाची दक्षिण बाजू बरी. क्रूसाची खालची, सर्वांत तेजस्वी तारका पणजीहून सुमारे 11 अंश, पुण्याहून 8 अंश आणि नागपूरहून जेमतेम साडेपाच अंश उंचीवर येते. हात ताठ धरून मिटलेली मूठ साधारण 10 अंश झाकते, म्हणजे पुण्यात ही तारका एका मुठीच्या आतच राहते. इतक्या खाली धूळ आणि धुरकट हवा प्रकाश गिळते. शहराच्या उजेडात चारपैकी उजवीकडची मंद तारका मुळीच दिसली नाही तर नवल नाही.

शोधाची सुरुवात क्षितिजापासून करू नये, वरून खाली यावे. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढवला की नारिंगी स्वाती लागते आणि तोच बाक आणखी नेला की शुभ्र चित्रा. चित्रेच्या उजवीकडे, किंचित खाली, चार तारकांचा वाकडातिकडा चौकोन म्हणजे हस्त. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे आणि या चौकोनाची डावी बाजू खाली वाढवावी. हात ताणून धरलेली वीत सुमारे वीस अंशांची होते; अशा पावणेदोन विती उतरल्यावर क्रूसाची वरची तांबूस तारका येते. हस्ताची ही डावी बाजू आणि क्रूसाचा दांडा जवळपास एकाच उभ्या रेषेत असल्यामुळे घड्याळ नसले तरी अडत नाही: ती बाजू ओळंब्यात आली की क्रूसही ताठ झाला असे समजावे. मला तर घड्याळापेक्षा हीच खूण अधिक भरवशाची वाटते.

क्रूस फार लहान आहे, हे लक्षात असू द्यावे. त्याचा दांडा जेमतेम 6 अंशांचा, म्हणजे हात ताठ धरून जोडलेल्या तीन बोटांपेक्षा थोडा मोठा. मार्चमध्ये रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला याहून मोठा आणि मंद असा एक क्रूस दिसतो आणि पुष्कळ जण त्यालाच त्रिशंकू समजतात. तो फसवा. खऱ्या क्रूसाच्या डावीकडे नरतुरंगातील मित्र आणि मित्रक या दोन ठळक तारका असतात, तशी जोडी फसव्याजवळ नसते. त्रिशंकू उभा असताना मित्र क्षितिजालगत जेमतेम 6 अंशांवर असतो. तो झाडीत लपलेला असेल तर तासभर थांबून खात्री करावी, मात्र तोवर क्रूस उजवीकडे कललेला असेल, म्हणून दक्षिणेची खूण आधीच करून ठेवावी.

खूण करण्यासाठी ओळंबा उत्तम. दोरीला दगड बांधून ती डोळ्यांसमोर धरावी, वरची आणि खालची तारका दोरीआड आल्या की दोरीच्या रेषेत दूरचे एखादे झाड किंवा दिवा हेरावा आणि सकाळी होकायंत्राने पडताळा घ्यावा. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून एका अंशाहूनही कमी ढळते, त्यामुळे दोन्हींत मोठा फरक आला तर दोष बहुधा वेळेचा किंवा दोरीचा असतो. सिडनी किंवा ऑकलंडला राहणाऱ्यांना मात्र वेळेचे हे बंधन नाही. तेथे क्रूस मावळतच नाही. तो कसाही कललेला असला तरी साडेचार पटीची रेषा वाढवावी आणि जिथे ती संपेल तिथून ओळंबा क्षितिजावर सोडावा.