जुन्या न्यू इंग्लंड घराण्याचं इंग्लंडातलं मूळ गाव कसं शोधायचं

सुनेचं माहेर मॅसॅच्युसेट्सचं किंवा जावयाचं आडनाव व्हर्जिनियात साडेतीनशे वर्षं चालत आलेलं, असं हल्ली बऱ्याच घरांत असतं, आणि मग नातवंडं झाली की कोणालातरी हुक्की येते की यांचा मूळपुरुष इंग्लंडातल्या नेमक्या कुठल्या गावचा ते काढूया. काढता येतं, निदान प्रयत्न करण्यासारखा नक्की असतो. १६२० ते १६४० या वीस वर्षांत साधारण वीस हजार माणसं इंग्लंडातून न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे भागात गेली आणि साध्या शेतकऱ्या-विणकऱ्यांची सुद्धा जन्म, लग्न, जमीन, मृत्युपत्र अशी नोंद तिथल्या गावांनी आणि कोर्टांनी ठेवली. पण समुद्र ओलांडायची घाई करू नका, सगळा घोळ तिथेच होतो.

सुरुवात आजच्या माणसापासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. हे सगळेच सांगतात आणि कोणी ऐकत नाही. लोक काय करतात, १६३५ साली बॉस्टनला उतरलेला त्याच आडनावाचा कोणीतरी ऑनलाइन सापडतो, की तिथून खाली यायला लागतात, आडनाव जुळतंय ना, झालं तर मग. असं करू नका. प्रत्येक पिढीला एकच प्रश्न विचारायचा, हा त्याचाच मुलगा हे कुठल्या कागदावरून कळलं? कुणाच्या तरी ऑनलाइन झाडात, म्हणजे वंशवृक्षात, होतं हे उत्तर चालणार नाही, कारण ते झाड दुसऱ्या झाडावरून कॉपी केलेलं असतं आणि ते तिसऱ्यावरून.

१८५० पर्यंत मागे जाणं सोपं आहे. त्या साली पहिल्यांदा अमेरिकन जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं (गुलामांची नावं मात्र त्यातही नाहीत), नातं काय ते १८८० पासून लिहायला लागले. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर हे फुकट बघता येतं. १८५० च्या आधी मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे, आणि नेमक्या त्याच काळात ही मंडळी न्यू इंग्लंड सोडून न्यूयॉर्कच्या आतल्या भागात, ओहायोला, आणखी पश्चिमेला पांगली. घोडं पेंड खातं ते इथे, १७९० ते १८५० मध्ये, आणि इथे जितका वेळ लागेल तितका द्या.

या काळासाठी तीन ठिकाणं बघायची. एक म्हणजे प्रोबेट, मेलेल्या माणसाच्या इस्टेटीचे कोर्टाचे कागद, ज्यात मुलांची आणि लग्न झालेल्या मुलींच्या नवऱ्यांची नावं येतात. दुसरं जमिनीची खरेदीखतं, आणि ही लोक वाचतच नाहीत कारण कंटाळवाणी असतात, पण बाप मरून दहा वर्षं झाल्यावर चार भावंडं आणि त्यांचे जोडीदार मिळून एका तुकड्यावर सह्या करून तो विकतात तेव्हा त्या एका कागदात अख्खं कुटुंब समोर उभं राहतं, कोण कुठल्या गावी राहायला गेलंय त्याच्यासकट. तिसरं, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या पेन्शनच्या फायली. विधवेला पेन्शन हवी तर लग्न सिद्ध करावं लागे, आणि काही बायकांनी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान सरळ फाडून अर्जाला जोडलंय. ती पानं अजून वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि बऱ्याच फायली ऑनलाइन आहेत.

एकदा का माणूस न्यू इंग्लंडातल्या एखाद्या गावात पक्का बसला की पुढचं भराभर होतं. मॅसॅच्युसेट्सच्या पुष्कळ गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापून झाल्यात, कनेक्टिकटसाठी अशाच नोंदींचा बार्बर कलेक्शन हा संग्रह आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने आलेल्यांसाठी मेफ्लॉवर सोसायटीची चंदेरी कव्हरची पुस्तकं आहेत. जहाजावर १०२ प्रवासी होते, पहिल्याच हिवाळ्यात त्यातले निम्मे मेले, आणि ज्यांचा वंश पुढे चालला त्यांच्या पहिल्या पाच पिढ्या त्या पुस्तकांत तपासून दिल्यात, म्हणजे तुम्ही वरून पाचव्या पिढीपर्यंत पोचलात तरी पुढचं काम झालेलंच आहे. बाकीच्यांसाठी बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीचा ग्रेट मायग्रेशन प्रोजेक्ट, १६३५ पर्यंत आलेल्यांची एकेकाची टिपणं. त्यात मूळ गाव माहीत नसेल तर तसं स्पष्ट 'अननोन' लिहिलेलं असतं. तिथे अननोन आणि नेटवर मात्र त्याच माणसाचे आजोबा-पणजोबा नावानिशी दिसत असतील, तर नेटवाल्याने पुरावा कुठून आणला ते आधी बघा.

आता तारखा, कारण यात भलेभले फसतात. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे लग्न एप्रिल १६४० मध्ये आणि पहिलं मूल फेब्रुवारी १६४० मध्ये असं रजिस्टरात दिसलं तर दचकू नका, ते मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालंय, आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६४१. म्हणून १६४०/४१ असं दोन्ही वर्षांसकट उतरवून घ्यायची सवय लावा. प्युरिटन लोक (न्यू इंग्लंडला गेलेले कडक प्रोटेस्टंट) महिन्यांना नावांऐवजी आकडे वापरायचे, तिथे पहिला महिना मार्च आणि बारावा फेब्रुवारी. नात्यांचंही तसंच. सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेक असं धरू नका, गावात एकाच नावाचे दोघं असले की मोठा सीनियर, मग तो काका असो नाहीतर परका. मृत्युपत्रातला कझिन पुतण्या असू शकतो आणि सासू म्हणून लिहिलेली बाई सावत्र आईसुद्धा असू शकते.

एक नावाजलेलं उदाहरण घेऊ. अब्राहम लिंकन अमेरिकन संसदेत, म्हणजे तिथल्या काँग्रेसमध्ये असताना, १८४८ साली, मॅसॅच्युसेट्सच्या हिंगम गावच्या एका लिंकन आडनावाच्या गृहस्थांनी पत्र पाठवून त्यांच्या घराण्याची चौकशी केली. लिंकनना वडील आणि आजोबा माहीत होते, आजोबा व्हर्जिनियातून केंटकीत गेले आणि मूळनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले हे माहीत होतं, त्यामागे फक्त घरात ऐकलेलं, की पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. बस. पुढे अभ्यासकांनी हीच साखळी कागदांवरून मागे नेली, केंटकी, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, आणि शेवटी हिंगम. वाटेत मॉर्डेकाय हे नाव पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा येतं, राष्ट्राध्यक्षांच्या काकांचं पण तेच. असं दुर्मिळ नाव पुरावा नसतं, पण पुरावा कुठे शोधायचा ते सांगतं.

मूळपुरुष सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये आला, आणि प्रवासाच्या यादीत तो कसा आहे बघा: नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज, बायको, मुलगी, आणि दोन नोकर, त्यातला एक सॅम्युएल 'लिंकॉर्न', वय १८. स्पेलिंग वेगळं, आणि इंग्लंडातल्या नॉरफक काउंटीतल्या हिंगमच्या चर्चमधला बाप्तिस्मा १६२२ चा, म्हणजे वयही जुळत नाही. नुसता लिंकन म्हणून सर्च मारला असता तर हा हाती लागलाच नसता. त्यात गंमत म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या हिंगममध्ये त्या काळात चार थॉमस लिंकन होते, आणि गावाने ते धंद्यावरून वेगळे ठेवले, विणकर थॉमस, पिंपवाला थॉमस, गिरणीवाला थॉमस आणि शेतकरी थॉमस. सॅम्युएलचा भाऊ त्यातला विणकर. धंदा लिहून ठेवला नसता तर आज चौघांची मुलं एकमेकांच्या पदरात पडली असती, आणि कित्येक ऑनलाइन झाडांत असंच होतं.

यावरून समुद्रापलीकडचं काम कसं करायचं तेही कळतं. एकट्या माणसाला शोधू नका, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना शोधा. ही माणसं घोळक्याने यायची, बऱ्याचदा पाद्रीबुवांच्या मागून. नॉरफकच्या हिंगमवरून तिकडचं हिंगम, यॉर्कशरच्या रॉलीहून इझिकिएल रॉजर्सच्या मागे गेलेल्यांचं रॉली, लिंकनशरच्या बॉस्टनहून जॉन कॉटन. तुमच्या माणसाच्या शेजारी जमीन कोणाला मिळाली, मृत्युपत्राला साक्षीदार कोण, मुलं कोणाकडे शिकाऊ ठेवली, बायकोच्या माहेरचे कोण, यातल्या दोघा-तिघांचं मूळ गाव माहीत असेल तर आधी त्या गावाची आणि आसपासची पॅरिश रजिस्टरं, म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या उघडा. १५३८ पासून ती ठेवायचा हुकूम होता, सगळी टिकलेली नाहीत, पण जिथे रजिस्टर गेलंय तिथे बिशपकडे पाठवलेल्या नकला कधीकधी मिळतात. एसेक्सच्या रेकॉर्ड ऑफिसने पानांचे फोटोच ऑनलाइन ठेवलेत, पैसे भरून बघता येतात. सतराव्या शतकातलं अक्षर वाचायला आधी त्रास होतो, मग डोळा बसतो.

बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणून लगेच पेढे वाटू नका. तेच रजिस्टर पुढे वाचा. ते बाळ दोन वर्षांचं होऊन तिथेच पुरलेलं आहे का, किंवा तो माणूस १६४५ मध्ये त्याच चर्चमध्ये स्वतःच्या पोराला घेऊन आलाय का, तसं असेल तर तो तुमचा नाही, तो इंग्लंड सोडून गेलाच नाही. याउलट नवराबायको आणि तीन-चार मुलांची नावं त्याच क्रमाने जुळली आणि १६३० च्या दशकात ते कुटुंब रजिस्टरातून एकदम गायब झालं, तर समजा बरोबर दिशेने चाललाय. सगळ्यात भारी पुरावा म्हणजे इंग्लंडात राहिलेल्या बापाचं किंवा काकाचं मृत्युपत्र, ज्यात न्यू इंग्लंडमधल्या मुलाला काहीतरी ठेवलंय. कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टाची (मृत्युपत्रं मंजूर करणारं चर्चचं कोर्ट) मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि नावाने ऑनलाइन शोधता येतात.

छापलेल्या जुन्या वंशावळींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, खासकरून जिथे एखादा सर किंवा लॉर्ड येतो तिथे. होरेशियो सॉमर्बी आणि गुस्ताव्ह अँजू यांनी श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन बनावट इंग्लिश पूर्वज करून दिले, आणि अँजूची वाक्यं आजही जशीच्या तशी नेटवर फिरतायत. घराण्याचं कोट ऑफ आर्म्स विकणाऱ्यांचंही तेच, इंग्लंडात ते चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशाला दिलेलं असतं, आडनावाला नाही.

व्हर्जिनियाचा मामला वेगळा. तिथे गावाऐवजी काउंटी, आणि बऱ्याच काउंट्यांची दप्तरं कोर्टाच्या आगीत किंवा १८६५ मध्ये रिचमंड जळलं तेव्हा गेली. हाताशी उरतात ती लायब्ररी ऑफ व्हर्जिनियातली जमिनीची पेटंटं, म्हणजे सरकारने जमीन दिल्याचे कागद; जो एका माणसाच्या प्रवासाचा खर्च उचलेल त्याला ५० एकर असा नियम होता म्हणून त्यात आणलेल्या माणसांची नावं असतात. फक्त पेटंटचं साल म्हणजे येण्याचं साल धरू नका, हे हक्क विकले जायचे आणि वर्षानुवर्षं पडून राहायचे.

डीएनए टेस्टचं पण विचारतात लोक. नेहमीच्या टेस्टमध्ये दहा-अकरा पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाचा अंश उरलेलाच नसण्याची शक्यता जास्त. वाय-डीएनए मात्र बापाकडून मुलाकडे जातं म्हणून आडनावाच्या शाखेला उपयोगी. मूळपुरुषाच्या दोन वेगळ्या मुलांच्या वंशातले आजचे दोन पुरुष शोधा, दोघांची टेस्ट जुळली तर मधल्या दोन्ही साखळ्यांना आधार मिळतो, नाही जुळली तर कुठल्यातरी पिढीत कागद काहीतरी लपवतोय. आणि इंग्लंडातल्या त्याच गावचा त्याच आडनावाचा कोणी टेस्टला तयार झाला तर उत्तमच, फक्त चार भावांपैकी नेमका कोणता भाऊ जहाजात बसला ते त्या टेस्टमधून कळत नाही, त्यासाठी परत रजिस्टरच उघडावं लागतं.