मालक भाडं घेत नसला तर

जळगावच्या जुन्या पेठांतून माझ्याकडे येणाऱ्या भाडेकरूंचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "दादा, मालक भाडं ले नही राहिना." काहींना त्याचा आनंदही असतो, तेवढेच पैसे वाचले म्हणून. पण मालक दया म्हणून भाडं नाकारत नाही. थकबाकी साचू द्यायची आणि मग नोटीस धाडायची, हा जुना डाव आहे.

त्याच महिन्यात भाडं मनीऑर्डरने पाठवा. परत आली तर नकाराचा शेरा असलेला कागद फाडू नका, तोच तुमचा साक्षीदार. पैसे मात्र बाजूला ठेवा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) खरेदीत घालवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 प्रमाणे थकबाकीसाठी लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस थांबल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी बाकी वर्षाला 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरा. पुढेही निकालापर्यंत भरत राहा. मग थकबाकीच्या कारणावर घर जात नाही. (हा कायदा प्रत्येक खेड्यात लागू नाही, आपल्या गावाचं वकिलाला आधी विचारून घ्या.)

भाडेवाढ वर्षाला 4 टक्के. 250 रुपये भाडं असेल तर 10 रुपये. तेवढी मागितली तर कुरकुर न करता द्या, पावती मागा. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. जुन्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या असतील तर पालिकेतून घरपट्टीच्या जुन्या आकारणीचा उतारा काढा. भोगवटादाराच्या रकान्यात वडिलांचं, आजोबांचं नाव सापडलं की अर्धं काम झालं. लाईट बिल, रेशनकार्ड त्याला जोडा.

सगळ्यात जास्त घरं मात्र थकबाकीने जात नाहीत, सहीने जातात. मालकाचा मुलगा चहा पाजतो, म्हणतो, "काका, काही नाही, अकरा महिन्यांचा कागद आहे, सगळ्यांचाच करतोय." हा लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे भाडेकरूचा हक्क नाही, मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी. मुदत संपली की त्याच कायद्याचं कलम 24 लागतं, मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) ताबा मागता येतो आणि त्यानंतर राहिलात तर करारातल्या रकमेच्या दुप्पट द्यावं लागतं. तीस-चाळीस वर्षं राहत असलेले भाडेकरू स्वतःच्या सहीने पाहुणे होऊन बसतात. कागद घरी घेऊन या, वाचून घ्या, मगच बोला. चहा पिऊन या, त्याला हरकत नाही.

भर मेमध्ये नळ तोडला तर भांडत बसू नका. कलम 29 खाली पाणी, वीज पूर्ववत करण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. तोडलेल्या नळाचा फोटो त्याच दिवशी काढा.

आता गळकं छत. आपल्याकडे धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं, पावसाळ्याआधी वर खारी माती टाकली नाही तर जुलैत भिंत ओल धरते आणि मग "घर धोकादायक आहे, खाली करा" सुरू होतं. दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे. त्याला दुरुस्तीसाठी किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्या. तरीही हलला नाही तर स्वतः माती टाका, मजुरीची बिलं ठेवा आणि भाड्यातून वजा करा. वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. 250 भाड्यात ती 750 रुपयेच होते, एवढ्यात धाबं होत नाही हे मलाही कळतं. पण नोटीस दिल्याचा कागद राहतो, आणि घर मालकाने पडू दिलं हे त्यावरून दाखवता येतं.

पाडून नवीन बांधायचं म्हणून कोर्टाने ताबा द्यायला लावला, तर चावी दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत मालकाला लेखी कळवा की नव्या इमारतीत मला जागा हवी. हे पत्र बहुतेकजण विसरतात. बाहेर पडण्याआधी खोलीचं माप घ्या, फोटो काढा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या.

वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणून दावा घरातल्या बाईच्या नावावर आला असेल तर तिलाच पुढे करा, आणि परत आलेल्या मनीऑर्डरी पिशवीत घालून न्या.