शनिवारी धूर, रविवारी रस्सा: आधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी जेवायची वेळ लिहून काढा आणि तिथून उलटं मोजत या. स्मोक केलेलं, म्हणजे मंद धुरात शिजवलेलं मांस काय आणि घट्ट स्ट्यू काय, दोन्ही बिघडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने, लोक जेवायला बसायची वेळ होत आली आणि मांस अजून वातड आहे म्हणून आपण आच वाढवतो, आणि तिथेच सगळं हातचं जातं. त्यामुळे माझ्या यादीत मसाले खूप खाली येतात, वर असतो तो वेळ. खांद्याचा अख्खा पीस ११० ते १२० सेल्सिअसवर स्मोक करायचा तर किलोमागे ३ ते ४ तास धरा, त्यावर मांस मुरायला आणि विसाव्याला १ तास, आणि त्याच्याही वर २ तास निव्वळ मोकळे ठेवा. हे २ तास लागले नाहीत तर काही नुकसान नाही, मांस गुंडाळून गरम ठेवता येतं. पण लागले आणि नसले तर मग पंचाईत.

दोन दिवस आधी मांस बघा. फ्रीझरमधलं असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर काढून ठेवा, साधारण २ किलोच्या तुकड्याला पूर्ण एक दिवस लागतो, बाहेर ओट्यावर ठेवून वितळवू नका कारण वरचा भाग कोमट होतो आणि आत दगड राहतो. तुकडा निवडताना खांदा, मान, नळीचा भाग, जिथे शिरा आणि पांढरट पडदे दिसतात तो घ्या. बघायला तो ओबडधोबड असतो, पण त्याच पडद्यांमधलं कोलॅजन ७० अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिलं की विरघळून जिलेटिन होतं, आणि आपण ज्याला "तोंडात विरघळतंय" म्हणतो ते हेच. चरबी नसलेला देखणा मऊ पीस एवढा वेळ शिजवला तर भुसा होतो, तो पटकन भाजायला ठेवा. वरची चरबी अर्धा सेंटीमीटर राहू द्या, बाकीची काढा पण टाकू नका, रविवारी लागेल.

आदल्या संध्याकाळी मीठ. वजन करून लावा प्लीज, अंदाजाने नको, किलोला १५ ग्रॅम मीठ, सगळ्या बाजूंनी, आणि न झाकता फ्रिजमध्ये जाळीवर रात्रभर. शिजवलेल्या कुठल्याही पदार्थाला त्याचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा. मीठ हळूहळू आत उतरतं, मसाले मात्र वरच राहतात, म्हणून मिरी, लसूण पावडर, लाल तिखट जे काय लावायचं ते सकाळी लावलं तरी चालतं. मसाल्यात परत मीठ घालू नका, ही चूक खूप जण करतात कारण विकतच्या तयार मसाल्यात आधीच भरपूर मीठ असतं, पाकिटाच्या मागे वाचा.

इथेच एक सांगून टाकते कारण गोंधळ धोकादायक आहे. मांस टिकवण्यासाठी वापरतात ते गुलाबी क्युरिंग सॉल्ट वेगळं आणि गुलाबी रंगाचं सैंधव मीठ वेगळं. क्युरिंग सॉल्टमध्ये बहुतेक ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं आणि ते किलोला फक्त २.५ ग्रॅम लागतं, तेही ग्रॅमचा काटा असेल तरच. गरम धुरात मांस पूर्ण शिजवून त्याच दिवशी खायचं असेल तर ते लागतच नाही. आणि थंड धुराच्या फंदात, म्हणजे ३० अंशांच्या खाली नुसता धूर देऊन मांस कच्चंच ठेवायचं, त्यात पहिल्याच झटक्याला पडू नका. त्याने मांस शिजत नाही, जंतू मरत नाहीत, ती पूर्ण वेगळी विद्या आहे.

आता आग, म्हणजे झाकण असलेली कोळशाची शेगडी. दोन थर्मामीटर लागतात, एक मांसात खुपसायला आणि एक जाळीवर मांसाशेजारी ठेवायला. झाकणावर जो काटा बसवलेला असतो तो झाकणापाशी किती गरम आहे ते सांगतो, आपलं मांस तिथे नसतं. आदल्या दिवशी ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून थर्मामीटर बुडवून बघा, शून्य दाखवायला हवं. कोळसा जितका लागेल वाटतो त्याच्या दुप्पट हाताशी ठेवा. लाकूड वाळलेलं, कठीण जातीचं, ओक, हिकरी, किंवा सफरचंद, चेरी असल्या फळझाडांचं. पाइनसारखं चिकाचं लाकूड अजिबात नको, रंग लावलेलं, प्लायवूड, जुन्या फर्निचरचे तुकडे तर नकोच नको. लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवायचा सल्ला खूप ऐकू येतो, मला तो पटत नाही, ओल्या लाकडातनं आधी वाफ निघते आणि पाणी उडेपर्यंत ते धड जळतच नाही.

आणि धुराचा रंग बघायला शिका, माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची नजर हीच. सुरुवातीला पांढरा दाट धूर येतो, बघायला छान वाटतं, वाटतं की वा, काय वास लागणार आता, पण तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड, त्याचा कडवट थर मांसावर बसतो आणि तो धुऊन निघत नाही. मी एकदा सगळा दिवस घालवून केलेलं मांस याच कारणाने पहिल्या घासाला बाजूला ठेवलं गेलेलं पाहिलंय, चव अगदी राखेसारखी, जिभेला झिणझिण्या. तेव्हापासून मांस आत ठेवायच्या आधी ३०-४० मिनिटं नुसती आग धरते, धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसेल न दिसेल असा झाला की मगच मांस. हवेची झडप पूर्ण बंद करून आग कमी करू नका, गुदमरलेली आग परत पांढरा धूर सोडते, त्यापेक्षा कोळसा कमी घाला. हे सगळं मोकळ्या हवेत करायचं, गॅलरी बंदिस्त असेल किंवा गॅरेज असेल तर नाही, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. राख टाकायला पत्र्याची बादली जवळ ठेवा, निखारे आत बराच वेळ जिवंत असतात.

मांस चढवलं की झाकण उघडायचा मोह आवरा. काही तासांनी एक वेळ अशी येते की मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी अडकतं आणि तास, दोन तास, कधी तीन तास हलतच नाही. इथे नवीन माणूस घाबरतो, थर्मामीटर बिघडला म्हणतो, आच वाढवतो. काही बिघडलेलं नसतं. मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि आपल्याला घाम आल्यावर गार वाटतं तसंच मांसही स्वतःला गार करत असतं, जितकी उष्णता आत येते तितकी बाहेर जाते. आपण जे २ मोकळे तास ठेवले ना, ते याच्यासाठी. अगदीच उशीर होत असेल तर फॉइलमध्ये किंवा जाड बिनमेणाच्या कागदात गच्च गुंडाळा, पाणी उडायचं थांबतं आणि तापमान परत चढतं. फॉइलने काम लवकर होतं पण वरचा खरपूस थर मऊ पडतो, कागदात तो बराच टिकतो, मी कागद घेते.

९३ ते ९५ च्या आसपास तपासायला लागा, पण आकड्यापेक्षा हाताला काय लागतं ते खरं, थर्मामीटरची सळई लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे, एका जागी अडली तरी अजून अर्धा तास. मग गुंडाळलेलं तसंच जुन्या टॉवेलात घालून रिकाम्या बर्फाच्या पेटीत ठेवा, १ तास तरी. पेटीत ३-४ तासही छान गरम राहतं, फक्त आत ६० च्या खाली जाऊ देऊ नका. कापताना धाग्यांना आडवं कापा. कडेला गुलाबी पट्टा दिसला तर कच्चं समजू नका, तो धुरातल्या वायूंनी येतो. चिकनचं गणित वेगळं आणि सोपं, सगळ्यात जाड भागात ७४ अंश आले की झालं, त्याला एवढा वेळ द्यायचा नाही.

जेवणं झाल्यावर हाडं, कडेचे काळपट कडक तुकडे, ताटात साठलेला रस, सगळं डब्यात आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. रविवारचा स्ट्यू यावर उभा राहतो. पण बेताने, धूर रश्श्यात पसरतो आणि उकळून आणखी पुढे येतो, २ किलो ताज्या मांसाला ३००-४०० ग्रॅम स्मोक केलेलं पुष्कळ होतं. आणि त्यात मीठ आहेच, त्यामुळे स्ट्यूला मीठ शेवटच्या दहा मिनिटांत, चव घेऊन.

ताजं मांस ४-५ सेंटीमीटरचे तुकडे करून कागदाने कोरडं पुसून ठेवा, ओलं मांस परतलं जात नाही, आपल्याच पाण्यात उकडतं. जाड बुडाचं भांडं, आधी काढून ठेवलेली चरबी वितळवून, आणि तुकडे तीन-चार हप्त्यांत, एकमेकांना न चिकटता. हे कंटाळवाणं आहे, अर्धा पाऊण तास जातो, पण बुडाला जो तपकिरी खर धरतो तीच पुढची चव आहे. काळा झाला तर मात्र भांडं बदला. त्या खरावर कांदा, मग टोमॅटो पेस्ट घालून रंग गडद होईपर्यंत परता, थोडं पाणी किंवा स्टॉक ओतून लाकडी चमच्याने खरवडा, मांस आणि हाडं परत आत, पाणी जेमतेम बुडेल इतकंच. एकदा उकळी आली की आच अगदी कमी, रटरट नको, मधूनच एखादा बुडबुडा फुटला पाहिजे. जोरात उकळलं की धागे आवळतात आणि चरबी रश्श्यात फेटली जाऊन रस्सा गढूळ, ओशट होतो. ओव्हन असेल तर १५० वर अडीच-तीन तास, लक्षही द्यावं लागत नाही.

राजमा घालणार असाल तर रात्रीच भिजवा, सकाळी ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात कमीत कमी १० मिनिटं खळखळून उकळा, मगच मऊ शिजवून स्ट्यूत. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट कधीच नाही, त्यातलं विष मंद आचेवर जात नाही आणि पोट फार वाईट बिघडतं. टोमॅटो, व्हिनेगर असलं आंबट काही कडधान्य आणि बटाटा मऊ व्हायला अडवतं, तेही डोक्यात ठेवा. गाजर, बटाटा शेवटच्या पाऊण तासात. स्मोक केलेल्या मांसाचे तुकडे शेवटच्या अर्ध्या तासात, हाडं मात्र पहिल्यापासून.

उरलेल्या स्ट्यूसाठी पसरट, उथळ डबे आधीच धुऊन मांडून ठेवा. मोठं भांडं रात्रभर ओट्यावर निवत ठेवणं ही जुनी सवय सोडा, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि उकळीतही न मेलेले जंतू तिथेच वाढतात. डब्यात काढलं, भांडं गार पाण्यात ठेवून ढवळलं की दोन तासांत फ्रिजमध्ये जातं. ३-४ दिवस टिकतं, गरम करताना पूर्ण वाफाळेपर्यंत करा. फ्रीझ करणार असाल तर बटाटे काढून घ्या, ते नंतर रवाळ लागतात. सकाळी वर चरबीचा पिवळट थर गोठलेला असेल, तो चमच्याने उचलून छोट्या बरणीत भरून तारीख लिहा, पुढच्या वेळचा कांदा त्यातच परतायचा.